शिळं पाणी

नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, तेही रात्री दोनला.
गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी ओरडतं, "नीळ्ळु वच्चिनय!"
आणि घराघरांत बादल्या जाग्या होतात.

मासे देणाऱ्या पोरानं बजावलं होतं,
पाणी एक दिवस तरी शिळं करा काकू,
ताज्या पाण्यातल्या औषधानं मासा मरतो.
मी हसले. म्हटलं, बाबा,
सोलापुरात ताजं पाणी पाहिलंय कुणी?

माग विकला तेव्हा फरशीत बोल्टांची चार भोकं उरली.
त्यांच्यावर आता काचेची टाकी.
पाणी वीतभरसुद्धा नाही,
आणि त्यात बदामाचं एक वाळकं पान,
यांनी शाळेच्या कुंपणापाशी वेचलेलं.
दोन दिवसांत पाणी बिनदुधाच्या चहासारखं झालं.
मी विचारलं, विडीचं पान नाही का चालत?
कातरणीची गोणी पडलीय घरात.
हे नुसते बघत राहिले,
धोट्यात भलताच रंग भरल्यासारखे.

नर निळा. थर्मोकोलच्या अर्ध्या कपाखाली
बुडबुड्याला बुडबुडा चिकटवत होता, दिवसभर.
मादी शेजारी, काचेच्या नळकांड्यात.
अंगावर उभे पट्टे उमटले तिच्या,
तेव्हा हे म्हणाले, आता सोडायची.

पहिल्या खेपेला त्यानं सगळी अंडी खाल्ली.
हे जेवले नाहीत.
मी म्हटलं, नवखा आहे हो,
तुमची पहिली चादर आठवा, कडेला कशी वाकडी गेली होती.

दुसऱ्या खेपेला मी पण पाहिलं.
तिच्याभोवती तो पिळून गुंडाळला,
दोघं घडीभर मेल्यासारखे,
मग तिच्या पोटाखालून खसखस गळायला लागली.
तो शुद्धीवर आला, खाली झेपावला,
तोंडात दाणे धरून वर फेसात ठेवून आला.
पुन्हा गुंडाळला. पुन्हा. दोन तास.

मादीला बाहेर काढली. पंखांच्या चिंध्या.
लोणच्याच्या बरणीत घालून माझ्या सुपाशेजारी ठेवली.
हजार विड्या होईपर्यंत ती जागची हलली नाही.
मीही.

पिल्लं शेपट्या खाली करून फेसाला लोंबत होती, पापणीच्या केसाएवढी.
एखादं सुटायचं, तळाकडे जायचं,
आणि बाप त्याच्यामागे.
हे रात्रभर टाकीपुढे.
एकतीस वर्षं तार तुटली की आवाजावरून उठणारा माणूस.
मी पाणी प्यायला उठले तेव्हा पाहिलं,
पिल्लू सुटलं की यांची बोटं
मांडीवर हवेतच गाठ मारत होती.

तिसऱ्या दिवशी पिल्लं आडवी पोहू लागली.
आता बापाला काढायचं,
आता तीच त्याला खाणं दिसतील.
यांनी जाळी माझ्या हातात दिली
आणि बिडी ओढायला बाहेर गेले.

मग कोबीचं कुजकं पाणी, त्यातले न दिसणारे किडे,
घरभर वास, शेजारच्या राजमणीचे टोमणे.
पोरानं हीटर लागेल म्हटलेलं.
एप्रिलात? इथे? आम्हीच शिजत होतो.

त्र्याऐंशी जगली.
दोन महिन्यांत नर एकमेकांवर उठायला लागले,
तेव्हा प्रत्येकाला आपली बरणी,
आणि मध्ये आडोसा.
यांनी माळ्यावरून मागाचे पुठ्ठे काढले,
मोराच्या चादरीचे, भोकं पाडलेले.
ते मात्र विकले नव्हते. मला ठाऊक नव्हतं.

पण भोकंच ती.
संध्याकाळी दिवा लावला की
एका भोकातून लाल दिसतो, दुसऱ्यातून हिरवा,
आणि रांगेतला एकेक नर कल्ले फुगवून
सगळा पिसारा उघडतो.

मी लेबलाची खळ घेऊन बसले होते, भोकं बुजवायला.
हे म्हणाले, थांब जरा,
ही ओळ होऊ दे.